वाहुळ्यांची मोहरी

सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजवून, चपला दाराबाहेर काढून, दोन्ही हात जोडून अगदी अदबीनं "तुमच्या घरी कोण वारलं हो?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्या स्कूटरवर मागं बसून बदनापूर ते नवीन जालना अशी नऊ वर्षं नोकरी केली. माझी कंबर आज जी काही आहे ती त्याचीच कृपा.

सुखदेव वाहुळे. आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून घर. नोकरीही एकाच बियाणे कंपनीत. मी पाकिटांवरची लेबलं तपासायचो, ते लॅबमध्ये बियाण्याची उगवण तपासायचे. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी उलगडायचे आणि किती उगवले ते मोजायचे. तीस वर्षं हेच केल्यामुळं गृहस्थ सगळ्या जगाचीच उगवण काढत बसलेला. नवा मॅनेजर आला की दोनच दिवसांत निकाल, "पाठकसाहेब, हा माणूस साठ टक्क्यांच्या वर जात न्हाई. बिलकुल न्हाई." शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दाणे उचलायचा चिमटा. चिवड्यातले शेंगदाणेसुद्धा त्या चिमट्यानं वेचून खायचे. मी एकदा विचारलं, "अहो, देवानं बोटं कशाला दिलीत?" तर म्हणे, "बोटानं धरलं की दाणा दुखावतो."

तर कोण वारलं हे विचारायचं कारण म्हणजे त्यांचा पिक्चर.

वाहुळे पिक्चर बनवत होते. घरी, कंप्युटरवर, एकट्यानं, अकरा वर्षं. कथा तुम्ही ऐकली असेल, बुद्धाच्या काळातली आहे. एका बाईचं लेकरू जातं. तिला ते पटत नाही. मेलेलं लेकरू उराशी धरून ती औषध मागत हिंडते. तथागत तिला म्हणतात, मूठभर मोहरी घेऊन ये, पण ज्या घरात आजवर कोणी मेलं नाही अशाच घरातली. बाई दारोदार जाते. मोहरी सगळ्यांकडं असते, तसलं घर मात्र एकही सापडत नाही. संपली कथा. आमच्या वाहुळ्यांचं म्हणणं असं, की दारं चित्रातली असली तरी दारातून येणारं उत्तर खोटं चालणार नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यानंच ते बोललं पाहिजे. म्हणून हा रेकॉर्डर घेऊन दारोदार फिरायचा उद्योग.

"एवढंच बोला, 'आमच्या घरी अमुक गेला.' रडू नका. अन् भाषण पण नको. बाई दारात उभी आहे, तिला घाई आहे."

लोक काय ऐकून घेतात होय! एकीनं कुत्रं सोडलं. एकानं वडील वारले म्हणून झकास आवाज दिला. संध्याकाळी ते वडील पारावर पत्ते खेळताना सापडले. वाहुळे तडक त्याच्या घरी. तो म्हणाला, "बोलणं बंद आहे आमचं. माझ्यासाठी वारलेच ते." वाहुळ्यांनी आवाज तिथल्या तिथं पुसला. "असं चालत न्हाई. बराबर गेलेलं पाहिजे."

दारांचंही तेच. स्कूटर पंचेचाळीसच्या वेगानं चाललेली, आणि एकदम करकचून ब्रेक. माझं नाक त्यांच्या हेल्मेटवर. "पाठकसाहेब, ती कडी बघा!" मग टेप काढून दाराची उंची, रुंदी, उंबऱ्याची झीज मोजायची. एका गल्लीत लोकांना वाटलं रस्ता रुंदीकरणवाले आले. दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं निवेदन घेऊन तहसीलवर. तहसीलदार म्हणतात असं काही नाहीच, लोक म्हणतात टेप आम्ही डोळ्यांनी पाहिला. आम्ही दोघं पंधरा दिवस लांबच्या रस्त्यानं ऑफिसला जात होतो.

आणि त्यांच्यासमोर 'कार्टून' म्हणायचं नाही. म्हणालात की मेलात.

"कार्टून लेकरांचं असतं. हे लेकरांसाठी न्हाई."

हे वाक्य मी नऊ वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. लोकांचंही काय चुकलं? कंप्युटरवरची चित्रं हलायला लागली की आपण पोरांना हाक मारतो, "या रे, बघा काय लागलंय." शाळेच्या हेडमास्तरांनी तेवढ्याच हौसेनं त्यांना बोलावलं. वाहुळ्यांनी तयार झालेली चार मिनिटं दाखवली. ती बाई, धूळ, बंद दारं. हेडमास्तर विचार करून म्हणाले, "छान आहे. मधे एखादा बोलका कावळा टाका. पोरं हसतील." वाहुळे उठले, वायरी गुंडाळल्या आणि निघाले. स्कूटरवर मला म्हणाले, "त्या शाळेत मास्तरांचीच उगवण व्हायची राह्यली."

घरात त्यांच्या पिक्चरचं राज्य. चार सेकंदांचं चित्र पक्कं करायला कंप्युटरला आख्खा दिवस लागायचा. त्याला ते 'शिजत ठेवलंय' म्हणायचे. शिजत असताना व्होल्टेज पडता कामा नये. म्हणजे मिक्सर बंद, इस्त्री बंद. त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, अकरा वर्षं चटणी पाट्यावर वाटली. शेजाऱ्यानं बोअरची मोटर चालू केली की वाहुळे गच्चीवरून ओरडायचे, "अहो, शिजून राह्यलंय!" नवीन भाडेकरूंना वाटायचं ह्यांच्याकडं रोजच काहीतरी कार्य असतं.

विमलताई कमी बोलायच्या. मी गेलो की चहा ठेवायच्या, कप हातात द्यायच्या आणि आत जायच्या. मला वाटायचं, नवऱ्याच्या ह्या वेडानं बिचारी कावली असणार. त्यांच्या जागी माझी बायको असती तर कंप्युटर केव्हाच भंगारात गेला असता, आणि बहुतेक मीही.

वाहुळ्यांचा आणखी एक राग होता, दृष्ट. लिंबू-मिरची टांगलेलं दुकान दिसलं की त्या दुकानातून काही घ्यायचं नाही. आमच्या घरी माझी नात आली, की आई तिच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकायची. एकदा नेमके वाहुळे आले. झालं! "आज्जी, ते बी आहे. मातीत टाकलं तर उगवंल. आगीत घालून काय मिळतं?" आई ऐंशीच्या घरातली, तिनं ओवाळणं थांबवलं नाही. "तुझ्या लॅबमधी दृष्ट मोजतात का? न्हाई न? मंग गप बस." एरवी ह्या माणसाला थट्टा चालायची. त्या दिवशी चेहरा असा झाला, की मी आईला डोळ्यानं दटावलं. मला वाटलं, प्रबोधनाचा कार्यकर्ता आहे, जयंतीला भाषणं करतो, तत्त्वाला लागलं असेल. तत्त्वाला लागलं नव्हतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

वडीगोद्रीला त्यांच्या साडूच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. साडूनं फोन केला, "तुमचं ते कार्टून घेऊन या, पोरं रमतील." मी म्हटलं, आता शिव्या खाणार साडू. पण वाहुळे म्हणाले, "जाऊ." मलाही नेलं. मंडपात शंभर माणसं, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न, वर गाणी. लेकराच्या गालाला ही एवढी काजळाची तीट, आणि भोवती चाळीसेक मोबाइल. इकडं बघ बाळा, तिकडं बघ बाळा. ते पोर रडून लालबुंद. वाहुळे पडदा बांधायला उभे होते ते तसेच उभे राहिले.

"किती फोटो काढून राह्यलेत," म्हणाले.

"आजकाल असंच असतं," मी म्हणालो.

"एक दिला तरी चाललं असतं," असं काहीतरी पुटपुटले आणि पडदा सोडायला लागले. जेवण नाही, निरोप नाही. साडू मागं धावत आला तर त्याला म्हणाले, "हे लेकरांसाठी न्हाई." बदनापूर येईपर्यंत माणूस वाटेत एका दारापाशी थांबला नाही. मी उपाशी असल्यामुळं मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घालत होतो.

त्यानंतर एका रविवारी ते आमच्या घरचा आवाज न्यायला आले. दार आईनं उघडलं.

"आज्जी, तुमच्या घरी कोण वारलं?"

आई म्हणाली, "ह्या घरी? कोणी न्हाई. वास्तुशांत होऊन तीन वर्षं झाली फक्त, त्याआधी बदनापुरातच भाड्यानं होतो."

मी आतून ओरडलो, "आई, अण्णा गेले ना! आज्जी गेली. काका गेला."

"ते जुन्या घरी गेले. जालन्याला. हा म्हणून राह्यला, ह्या घरी कोण वारलं." मग त्यांच्याकडं वळून, "बाबा, तुला पाहिजे कशाला पण?"

वाहुळ्यांनी मोबाइलवर तिला ती चार मिनिटं दाखवली. आईनं चष्मा लावून, मोबाइल नाकाशी धरून पाहिलं. बाई एका दारातून दुसऱ्या दारात. उराशी गुंडाळलेलं लेकरू. कथा तिला ठाऊक नव्हती, वाहुळ्यांनी सांगितली. ऐकून ती उठली, आत गेली, मिसळणाचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं मूठभर मोहरी वाहुळ्यांच्या ओंजळीत ओतली.

"घे. दे तिला नेऊन."

वाहुळे म्हणाले, "आज्जी, तसं न्हाई. असं घर नसतंच. कथाच ती आहे."

"तुझ्या कथेतलं गाव जुनं असंल. हे घर नवं आहे. न्हाई वारलं कोणी इथं. खोटं बोलू का मी?"

मी हसायला लागलो. आमच्या कॉलनीनं अडीच हजार वर्षांची कथा मोडली होती! अर्धे प्लॉट अजून रिकामे, बाभळी उगवलेल्या; अशा दहा घरांत तरी मरण पोचलेलं नव्हतं. मी म्हणालो, "वाहुळे, तुमची बाई चुकीच्या गावात हिंडली. बदनापूरला आली असती तर काम फत्ते होतं." वाहुळे हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून लॅबचा उगवणीचा कागद काढला, मोहरी त्यात पुडी करून बांधली. एक दाणा फरशीवर पडला होता, तो चिमट्यानं उचलून पुडीत सरकवला. रेकॉर्डर चालूच केला नाही. ती पुडी त्यांनी वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात धरूनच ते गेले.

दोन दिवस स्कूटर आली नाही. मी बसनं गेलो, कंडक्टरशी भांडलो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी थडकलो.

वाहुळे कंप्युटरपुढं बसले होते. पडद्यावर तीच बाई, पण जवळून. तिच्या हातावरची शीर दिसत होती, पदराचा दोरा न् दोरा दिसत होता. तिच्या कुशीत दुपट्यात लेकरू. लेकराला चेहरा नव्हता. नुसता गुळगुळीत गोळा.

"हे राहिलंय का अजून?" मी विचारलं.

"अकरा वर्षं तेच करून राह्यलो," वाहुळे म्हणाले. "बाकी चित्रं दोन वर्षांपूर्वीच झाली, आवाज तेवढे गोळा करून राह्यलो."

त्यांनी एक एक चेहरा उघडून दाखवला. शंभर तरी असतील. गोबरे, हडकुळे, कुरळ्या केसांचे. प्रत्येक चेहरा झाला की ते विमलताईंना हाक मारायचे. त्या हात पुसत यायच्या, बघायच्या, "ही न्हाई" म्हणायच्या आणि परत जायच्या.

मग वाहुळ्यांनी सांगितलं. मुलगी होती. सुजाता. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तापानं गेली. नंतर घरात पाळणा हलला नाही.

"फोटो?" मी विचारलं आणि विचारताच जीभ चावली.

"सासूबाई म्हणायच्या, वर्षाच्या आत लेकराचा फोटो काढू न्हाई. दृष्ट लागते. मी मोठा प्रबोधनवाला. गावोगाव भाषणं देऊन राह्यल्तो. पण घरात म्हणलं, जाऊ द्या, म्हातारीचं मन कशाला मोडा. वाढदिवसाला जालन्याला स्टुडिओत जाऊ. झबलं पण आणलंतं." ते कंप्युटरकडंच बघत होते. "अकरा दिवस कमी पडले, पाठकसाहेब. एक फोटो न्हाई माझ्याकडं. मी म्हणतो नाक माझ्यासारखं होतं, विमल म्हणते माझ्यासारखं न्हाई. आता तर मला तेवढं पण आठवंना. तुमच्या आईंनी मोहरी दिली न, तेव्हा मला काय वाटलं सांगू का? वाटलं, आता तर मोहरी पण मिळाली. अन् द्यायचं कोणाला, तर मला तोंडच ठाऊक न्हाई."

मला त्या माणसाची इतकी लाज वाटली, म्हणजे माझीच, की चहा न पिताच निघालो. नऊ वर्षं मी त्याच्या पाठीमागं बसलो होतो, आणि पाठीपलीकडं काही पाहिलं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत आई गेली. आजारपण नाही, काही नाही. सकाळी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवता ठेवता खाली बसली, ती उठलीच नाही. लोक म्हणाले पुण्यवान. मला राग यायचा. ती गेली ह्यात माझं काय पुण्य?

चौथ्या दिवशी वाहुळे आणि विमलताई भेटायला आले. वाहुळे माझ्यासमोर बसले, हात वरच्या खिशाकडं गेला, आणि माझं डोकं सणकलं.

"काढा!" मी ओरडलो. "काढा रेकॉर्डर. आता झालं ना आमचं घर तुमच्या कामाचं?"

वाहुळ्यांनी खिशातून पुडी काढली. उगवणीच्या कागदाची, तशीच बांधलेली.

"हे द्यायला आल्तो," ते म्हणाले. "त्यांनी खरं सांगून दिलीती. आता ते खरं राह्यलं न्हाई. माझ्याकडं ठेवणं बराबर वाटंना."

आईच्या मरणानंतर मी पहिल्यांदा तेव्हा रडलो, लहान पोरासारखा, सगळ्यांच्या देखत. ती पुडी मी घेतली नाही. विमलताईंनीच नवऱ्याच्या हातातून काढून घेतली. "परत काय देता? मावशींनी दिलेली आहे," म्हणाल्या आणि कमरेला खोचली.

रडणं ओसरल्यावर मी त्यांना म्हणालो, वाहुळे, आता खरंच काढा रेकॉर्डर. मी दारात जाऊन उभा राहिलो. "आमच्या घरी आई गेली," एवढंच बोललो. परत बोला, असं ते म्हणाले नाहीत.

निघताना विमलताईंनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलल्या असतील. "भाऊ, डोळे मिटल्यावर मावशी दिसतात का तुम्हाला?"

मी डोळे मिटले. भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. चार दिवसांत! मी तसं सांगितलं.

"फोटो असला की मंग फोटोच दिसतो," त्या म्हणाल्या. "मला तर काहीच दिसत न्हाई. हाताला तेवढं याद आहे."

"हाताला?" हे वाहुळे.

"रोज न्हाऊ घालताना तेल लावून नाक ओढायचे न तिचं. बसकं होतं. कपाळ दाबायचे, हनुवटी दाबायचे. ते बोटाला ठाऊक आहे सगळं."

वाहुळे दारातच थांबले. "अकरा वर्षं विचारून राह्यलो, विमल. सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही 'बघ' म्हणायचे. बघून कसं सांगू मी?"

पुढचा आठवडा त्यांच्या घरी कंप्युटर बंद होता. मी जाऊन बघितलं तर दिवाणखान्यात खाली चटई टाकून विमलताई बसलेल्या, पुढं परातीत गव्हाची कणीक. ज्वारीचं पीठ भेगाळतं म्हणून खास गहू दळून आणलेला. डोळे मिटलेले. अंगठ्यानं नाकाचा शेंडा वर ओढत होत्या, तळहातानं कपाळ मागं सारत होत्या, मधेच तेलाचं बोट लावत होत्या. तीन गोळे मोडले. वाहुळे शेजारी उकिडवे बसलेले, खिशात चिमटा, हात गुडघ्यांवर. चौथा गोळा विमलताईंनी ताटात ठेवला आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "घ्या."

वाहुळ्यांनी त्याचे चहूबाजूंनी फोटो काढले, त्यावरून कंप्युटरवर चेहरा उभा केला. महिना गेला. एक दिवस सकाळी स्कूटरवर ते न बसता म्हणाले, "आज रजा टाका. घरी चला."

पडद्यावर लेकराचा चेहरा होता. बसकं नाक, रुंद कपाळ, हनुवटीला खळी. नाक कोणासारखंच नव्हतं, ना त्यांच्या, ना विमलताईंच्या. वाहुळे चेहरा हळूहळू फिरवत होते, जसा मांडीवर घेतल्यावर दिसेल तसा. विमलताई खुर्चीमागं उभ्या होत्या.

"हीच," त्या म्हणाल्या.

आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. स्वयंपाकघरात कागद फाटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत मीठ होतं आणि आईची मोहरी होती. कंप्युटरसमोर उभ्या राहिल्या, आणि त्या चेहऱ्यावरून मूठ ओवाळायला लागल्या.

मी वाहुळ्यांकडं बघितलं. ह्या माणसानं लिंबू टांगलेल्या दुकानातला चहा कधी घेतला नव्हता. ह्याच एका समजुतीनं त्याच्या मुलीचा फोटो खाल्ला होता. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. विमलताईंच्या मुठीतून चार-पाच दाणे निसटून कळफलकावर पडले. वाहुळे वाकले. खिशातून चिमटा काढला, एक एक दाणा उचलला आणि बायकोच्या मुठीत परत ठेवला.

"पुरं कर," म्हणाले.

आत गॅसवर मोहरी तडतडली. विमलताई परत आल्या आणि म्हणाल्या, "आता झाका तिला. सगळ्यांनी बघायचं न्हाई." वाहुळ्यांनी मान हलवली आणि दुपट्याचं टोक चेहऱ्यावर ओढलं. तेवढं त्यांना कंप्युटरवर दोन मिनिटांत जमलं.

पिक्चर उन्हाळ्यात समाजमंदिरात दाखवला. पेंटरला 'हे लेकरांसाठी न्हाई' असा फलक सांगितला होता, त्यानं स्वतःच्या अकलेनं 'फक्त प्रौढांसाठी' एवढी अक्षरं लाल रंगात काढली. झालं, हायवेच्या ढाब्यांवरची सगळी टोळकी गॉगल लावून पहिल्या रांगेत! दहा मिनिटांनी अर्धी उठून गेली. बाकीची बसली, आणि हळूहळू त्यांनी गॉगल काढले. कारण दारांतून आवाज यायला लागले होते, ओळखीचे. आमच्या घरी भाऊ गेला. आमच्या घरी सासूबाई गेल्या. कोणीतरी हुंदका दिला. मग एक नवं दार आलं, ताज्या रंगाचं, आणि त्यातून माझा आवाज आला. मी खाली बघत राहिलो.

शेवटी दिवे लागले. हेडमास्तर उठले. भला माणूस आहे, पण प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. "वाहुळे, दाराची कडीन् कडी दाखवलीत. मग लेकराचा चेहरा एकदाही का दाखवला नाही? तेवढं कंप्युटरला जमलं नाही का?"

वाहुळे उभे राहिले. एका कडीसाठी माझं नाक फोडणारा माणूस. मी वाट बघत होतो, आता मास्तरांची उगवण निघणार. वाहुळ्यांनी बायकांच्या रांगेकडं एकदा बघितलं. तिथं विमलताई पदर सावरून बसल्या होत्या.

"न्हाई जमलं," ते म्हणाले. "बिलकुल न्हाई जमलं."